कठीण आणि चिवट : घड्याळाच्या एका कडीचा इतिहास

परदेशी घड्याळाचे अप्रूप आम्हा गोवेकरांना फार जुने आहे. भारताने १९५५ मध्ये आर्थिक नाकेबंदी लागू केली तेव्हा गोव्यात बटाटेसुद्धा बोटीने परदेशातून येऊ लागले. त्याच काळात विलायती दारू उतरायची, स्विस घड्याळेही उतरायची, आणि त्यातला बराचसा माल चोरवाटांनी सीमेपलीकडे जायचा. मुक्तीनंतर तो धंदा आटला. पण बोटीवर जाणारे तारवटी होते, आणि पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातात नोकरीला गेलेली माणसे होती. ती सुट्टीवर यायची ती मनगटावर नवे घड्याळ घालूनच. त्यात 'राडो'चा मान सर्वांत मोठा. 'ह्याला ओरखडा येत नाही' हे वाक्य तेव्हा किती घरांतून, किती अभिमानाने बोलले गेले असेल त्याची गणती नाही.

तेच वाक्य आज पुन्हा ऐकू येते. महागड्या स्पोर्ट्स घड्याळांच्या दुकानातला विक्रेता काचेभोवतीच्या चकचकीत कडीवर बोट ठेवतो आणि सांगतो, ही सिरॅमिकची आहे, हिला ओरखडा येत नाही, हिचा रंग उडत नाही. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र ऐकणारा मनातल्या मनात तिसरी गोष्ट जोडून टाकतो, की म्हणजे ही कडी कधी खराबच होणार नाही. ती खरी नाही. आमच्यासारख्या पगारदाराने ही घड्याळे मासिकातच पाहायची हे कबूल. पण एवढ्याशा कडीच्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात 'टिकाऊ' ह्या शब्दाचे दोन निरनिराळे अर्थ कसे एकमेकांत मिसळले गेले, ते पाहण्यासारखे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

ह्या कडीला घड्याळवाले 'बेझल' म्हणतात. मुळात तिचे काम काच जागेवर धरून ठेवणे एवढेच. तिच्यावर आकडे घालून ती फिरती करायची कल्पना पाणबुड्यांच्या घड्याळांमुळे रुजली. १९५३ साली 'ब्लाँपाँ' ह्या स्विस कंपनीने 'फिफ्टी फॅदम्स' नावाचे घड्याळ काढले. फॅदम म्हणजे आपली वाव. पन्नास वावा म्हणजे सुमारे ९१ मीटर. कंपनीचा प्रमुख झाँ-जाक फिश्टर हा स्वतः पाण्याखाली उतरणारा माणूस होता. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी नवे पथक उभारणारे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे दोन अधिकारी तेव्हा नेमक्या अशाच घड्याळाच्या शोधात होते. त्याच सुमारास 'रोलेक्स'चे 'सबमरीनर'ही तयार झाले. आज जगातले बहुतेक प्रत्येक 'डायव्हर' घड्याळ ह्या दोघांच्या वळणावर गेलेले दिसते.

फिरत्या कडीचा उपयोग साधा होता. पाण्यात उतरताना कडीवरची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची. मग काटा कडीवरच्या ज्या आकड्यासमोर येईल तितकी मिनिटे झाली. डोक्यात हिशेब ठेवायला नको. पाठीवरच्या टाकीत हवा मोजकी असते, आणि खोल पाण्यात किती वेळ काढला ह्यावर वर येताना कुठे, किती थांबायचे ते ठरते. हिशेब चुकला तर प्राणाशी गाठ. म्हणून पुढे बहुतेक कड्या एकाच दिशेने फिरणाऱ्या झाल्या. धक्का लागून कडी सरकलीच तर गेलेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसावा, कमी कधीही दिसू नये. माणूस थोडा लवकर वर येईल, पण वर येईल. कडीचे आकडे पुसट न होणे, ती न तुटणे, अडकून न बसणे, ह्या गोष्टींवर तेव्हा खरोखर एखाद्याचा जीव अवलंबून होता, हे ध्यानात ठेवूया. पुढे त्याची गरज पडेल.

आता पाहा, जीवावरचे हे काम सोपवले होते कशावर? 'फिफ्टी फॅदम्स'च्या कडीवर बेकलाइटची चकती होती. बेकलाइट हे लिओ बेकलंड ह्या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली शोधलेले प्लास्टिक. जुन्या घरातले विजेचे काळे गोल बटण आठवा, तीच जात. १९५५ साली रोलेक्सने 'जीएमटी-मास्टर' हे वैमानिकांचे घड्याळ बाजारात आणले. 'पॅन अमेरिकन' ह्या विमान कंपनीचे वैमानिक एका झेपेत कित्येक देशांच्या वेळा ओलांडत, त्यांना एकदम दोन ठिकाणची वेळ दिसायला हवी होती. म्हणून कडीवर चोवीस तासांचे आकडे, अर्धी कडी लाल, अर्धी निळी. लाल म्हणजे दिवस, निळी म्हणजे रात्र. ती चकतीही पारदर्शक प्लास्टिकचीच होती. संग्राहक तिलाही बेकलाइटच म्हणतात. आकडे खालच्या बाजूने रंगवलेले, त्यामुळे वरून दिसायला फार देखणी. पण ती तडकायची, तिचे टवके जायचे. थोड्याच काळात कंपनीने ती सोडून अ‍ॅल्युमिनियमची चकती घेतली. आज मूळ चकती शाबूत असलेली ती पहिली घड्याळे दुर्मीळ आहेत, आणि म्हणूनच त्यांना लिलावात भलतीच किंमत येते.

अ‍ॅल्युमिनियमने पुढची पन्नास वर्षे राज्य केले. रंगीत अ‍ॅल्युमिनियम रंगवून तयार होत नाही, हे इथे सांगायला हवे. चकती आम्लाच्या द्रावणात बुडवून तिच्यातून वीज सोडतात. पृष्ठभागावर धातूच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर चढतो. त्या थराला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांत रंग मुरवायचा आणि मग उकळत्या पाण्याने किंवा तशाच एखाद्या प्रक्रियेने छिद्रांची तोंडे बंद करायची. ह्याला 'अ‍ॅनोडायझिंग' म्हणतात. आपल्या खिडक्यांच्या सोनेरी-तपकिरी अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या अशाच केलेल्या असतात. गंमत अशी, की हा थर रसायनशास्त्राच्या दृष्टीने सिरॅमिकच आहे! ज्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपासून नीलम आणि माणिक बनतात तोच हा पदार्थ. फक्त तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीचा, आणि खाली मऊ धातू. भाकरीवर साय पसरावी तसा. टोकदार वस्तू लागली की खालचा धातू दबतो आणि वरची साय फाटते.

शिवाय मुरवलेल्या रंगाचे अतिनील किरणांपुढे फारसे चालत नाही. उन्हात, खाऱ्या पाण्यात वर्षे काढलेल्या घड्याळाची काळी कडी राखाडी होते, निळी फिकट आभाळी होते, लाल गुलाबी होत जाते. पण एक गोष्ट ह्या चकतीच्या बाजूने होती. ती तुटायची नाही. आपटली तर पोचा येईल, ओरखडा उमटेल, रंग उडेल. पण कडी कडीच्या जागी, आकडे वाचता येतील, फिरवली तर फिरेल. आणि अगदीच रया गेली तर कोणताही हात बसलेला घड्याळजी जुनी चकती पात्याने उचकटून काढी आणि नवी दाबून बसवी. पाच-दहा मिनिटांचे काम.

मग एवढ्या गुणी वस्तूला पर्याय का शोधावा लागला? त्याचे उत्तर पुन्हा त्या राडोपाशी येते. १९६२ साली राडोने 'डायस्टार' काढले. त्याची केस टंगस्टन कार्बाइड ह्या अतिकठीण मिश्रणाची होती. कारखान्यात लोखंड कापायच्या हत्यारांची टोके ज्याची करतात तेच ते. काच नीलमाची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकाची. दहा वर्षे वापरूनही कालच घेतल्यासारखे दिसणारे घड्याळ, ही कल्पना लोकांना विलक्षण आवडली. पुढे १९८६ साली राडोने घड्याळाच्या चेनमध्ये सिरॅमिक आणले आणि त्याच वर्षी 'आयडब्ल्यूसी' ह्या कंपनीने 'दा विंची' घड्याळाची अख्खी केस झिरकोनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकची केली. २००० साली 'शनेल'ने काळ्या सिरॅमिकचे 'जे-१२' काढून ह्या पदार्थाला फॅशनच्या दुनियेत नेले.

ह्या झिरकोनियम ऑक्साइडची, म्हणजे झिरकोनियाची, गोष्ट मोठी रंजक आहे, आणि तिची सुरुवात आपल्या शेजारी होते. १७८९ साली मार्टिन क्लापरोट ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सिलोनहून आलेल्या झिरकॉन नावाच्या खड्यातून हे ऑक्साइड वेगळे केले. झिरकॉन केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडतो. झिरकोनिया कठीण आहे, प्रचंड उष्णता सोसतो. पण त्याच्यात एक खोड आहे. सुमारे ११७० अंशांच्या वर त्याच्या स्फटिकाची ठेवण एक असते आणि खाली आले की दुसरी होते. ही ठेवण बदलताना तो चार-पाच टक्के फुगतो. आता भट्टीतून काढलेली वस्तू थंड होता होता आतूनच फुगू लागली तर काय होणार? तिच्या ठिकऱ्या उडणार. म्हणून शुद्ध झिरकोनियाची धड वस्तू करताच येत नसे.

उपाय निघाला तो भेसळीचा. थोडे इट्रियम, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे ऑक्साइड मिसळले, की गरम अवस्थेतली ठेवण थंड झाल्यावरही कायम राहते. आणि मग १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को ह्या तिघा संशोधकांनी 'नेचर' ह्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्याचे शीर्षकच होते 'सिरॅमिक पोलाद?' पुढे प्रश्नचिन्ह. त्यांनी दाखवले की झिरकोनियाची ती खोडच कामाला लावता येते. अशा तयार केलेल्या झिरकोनियात तडा जाऊ लागला, की तड्याच्या टोकाशी असलेले कण ताणामुळे आपली ठेवण बदलतात आणि फुगतात. फुगले की ते तड्यालाच दोन्हीकडून दाबतात. बांध फुटू लागताच बांधातलीच माती फुगून भोक बुजवू लागली तर कसे, तसे हे. मडके, काच, बशी ह्यांच्या हजारो वर्षांच्या इतिहासात स्वतःचा तडा स्वतः अडवणारे सिरॅमिक माणसाला प्रथमच मिळाले. दातांच्या डॉक्टरांकडे आज 'झिरकोनियाची कॅप' मिळते ती ह्याच शोधाच्या जोरावर.

रोलेक्सने हे सिरॅमिक कडीवर आणले ते २००५ साली, 'जीएमटी-मास्टर'च्या पन्नाशीला, सोन्याच्या घड्याळावर. २००७ मध्ये ते पोलादी 'जीएमटी'वर आले, २०१० मध्ये पोलादी 'सबमरीनर'वर. 'ओमेगा'ने २००९ मध्ये सिरॅमिकच्या कडीत झिरकोनियमचे खास मिश्रधातू ओतून आकडे भरायची युक्ती काढली. 'ब्लाँपाँ' दुसऱ्या वाटेने गेली. 'फिफ्टी फॅदम्स'च्या पन्नाशीला, २००३ साली, तिने कडीवर नीलमाच्या काचेची चकती बसवली होती. थोडक्यात, एकाच दशकात अ‍ॅल्युमिनियमचे राज्य गेले.

सिरॅमिकची कडी करण्याची रीत आपल्या कुंभाराच्या रीतीहून तत्त्वात फार वेगळी नाही. अत्यंत बारीक पूड, तिच्यात रंगासाठी खनिजे आणि चिकटपणासाठी बांधणी, हे मिश्रण साच्यात दाबायचे. आकडे खोलगट उमटवायचे. मग बांधणी जाळून टाकायची आणि १,५०० अंशांच्या वर भाजायचे. भाजताना ती सुमारे पाव हिश्शाने आक्रसते, म्हणून साचा आधीच तेवढा मोठा करावा लागतो. बाहेर आलेली वस्तू इतकी कठीण असते की तिला आकार द्यायला हिऱ्याचीच हत्यारे लागतात. नंतर निर्वात पेटीत तिच्यावर प्लॅटिनमचा किंवा सोन्याचा पातळ थर चढवतात आणि वरचा भाग घासून काढतात. खोलगट आकड्यांत तेवढा धातू उरतो.

सर्वांत छळले ते लाल रंगाने. भट्टीच्या उष्णतेत टिकेल असे झिरकोनियासाठीचे चांगले लाल खनिज मिळेना. म्हणून जुनी लाल-निळी कडी सिरॅमिकमध्ये यायला २०१४ साल उजाडले, आणि तीही झिरकोनियाची नव्हे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमध्ये क्रोमियमचे ऑक्साइड घालून लाल केलेली. माणकाला लाली येते तीही ह्याच क्रोमियममुळे. लाल कडीच्या अर्ध्या भागात दुसरे द्रावण मुरवून तो भाजताना निळा करतात. फिरून फिरून भोपळे चौकात म्हणतात ते असे. अ‍ॅल्युमिनियमवरच्या सायीतला पदार्थच शेवटी जाड चकती होऊन परत आला!

रंग न उडण्याचा दावा मात्र नि:संशय खरा मानायला हवा, आणि त्याचा पुरावा आपल्या पणजीतच आहे. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या निळ्या आझुलेजु फरशा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंगांची ती चित्रे जॉर्ज कुलासु ह्या पोर्तुगीज चित्रकाराची, १९३५ सालची. इतके पावसाळे, इतकी दमट हवा, तरी निळाई तशीच. कारण तो रंग वरून लावून वाळवलेला नाही, भाजून पक्का केलेला आहे. आझुलेजुवर रंग वरच्या झिलईत असतो, घड्याळाच्या कडीत तो आरपार असतो, एवढाच फरक. ऊन अशा खनिज रंगाचे काही बिघडवू शकत नाही.

ओरखड्याचेही तसेच. आपल्या घड्याळाला रोज घासणारी मुख्य वस्तू म्हणजे धूळ, आणि धुळीत असतात वाळूचे, म्हणजे गारगोटीचे कण. कठीणपणाच्या मोस ह्यांच्या दहा अंकी मापावर गारगोटी ७ वर, झिरकोनिया ८ च्या पुढे, नीलम ९ वर आणि हिरा १० वर. स्टेनलेस स्टील गारगोटीच्या बरेच खाली. मऊ वस्तू कठीण वस्तूवर रेघ ओढू शकत नाही. म्हणून समुद्रकिनाऱ्यावर वावरणाऱ्याच्या घड्याळाची पोलादी चेन वर्षभरात रेघोट्यांनी भरते आणि सिरॅमिकची कडी आरशासारखी राहते. ह्यात जाहिरातबाजी काही नाही.

आता दुसरी बाजू. मराठीत 'कठीण' आणि 'चिवट' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते ज्यांनी घडवले त्यांना पदार्थविज्ञान चांगले कळत असावे. कठीण म्हणजे ज्याच्यावर रेघ उठत नाही ते. चिवट म्हणजे जे मार खाऊनही तुटत नाही ते. वेत चिवट आहे, कठीण नाही. काच कठीण आहे, चिवट नाही. तडा पुढे सरकू न देण्याची पदार्थाची ताकद शास्त्रज्ञ मोजतात. त्या मापावर साध्या काचेला १ धरले, तर ढोबळ मानाने अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ४ ते ५ वर येते, इट्रियम घातलेला झिरकोनिया ७ ते १३ च्या दरम्यान, आणि स्टेनलेस स्टील शंभराच्याही पुढे. म्हणजे १९७५ च्या त्या शीर्षकातले प्रश्नचिन्ह आजही तिथेच आहे. झिरकोनिया सिरॅमिकांत चिवट आहे, खरा. पण तो पोलाद नाही. पोलाद आधी वाकते, पोचते, सूचना देते. सिरॅमिक सोसेल तेवढे सोसते आणि मग एका क्षणी दुभंगते. मधली पायरी नाही.

हेही आपल्याकडचा इतिहास सांगतो. सोळाव्या शतकापासून चिनी पोर्सेलीन गोव्यावरून लिस्बनला जात असे. जुन्या गोव्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननांत त्या भांड्यांचे अवशेष मिळाले आहेत. निळ्या नक्षीचा रंग ताजा, झिलई शाबूत, आणि मिळतात ते तुकडे! जगभरचे पुरातत्त्वज्ञ काळ ठरवतात तो खापरांवरून, ते ह्याच कारणाने. भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही, विटत नाही. पदार्थ शतकानुशतके टिकतो. भांडे टिकत नाही.

झिरकोनियाच्या बाबतीत ह्याचा एक कडक धडा वैद्यकशास्त्राला मिळाला. नितंबाच्या कृत्रिम सांध्यातला गोळा झिरकोनियाचा करण्याची पद्धत होती. २००१ साली एका फ्रेंच उत्पादकाला आपले गोळे बाजारातून मागे घ्यावे लागले, कारण काही तुकड्यांतले, म्हणजे बॅचमधले, गोळे रुग्णांच्या शरीरातच फुटू लागले होते. पदार्थ तोच होता. भट्टी बदलली होती, आणि त्यामुळे भाजणीत सूक्ष्म फरक पडला होता. शिवाय पाण्याच्या संगतीत झिरकोनियाचे कण हळूहळू जुन्या ठेवणीकडे परततात, हेही माहीत झाले होते. मनगटावरच्या कडीवर शरीराचा भार पडत नाही, आणि मनगटाच्या तापमानाला तो बदल अतिशय मंद असतो, त्यामुळे त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण सिरॅमिकचा टिकाऊपणा नुसत्या नावावर नसतो, तो भाजणीवर असतो, एवढे त्यातून घ्यावे. कुंभाराला हे कुणी शिकवावे लागत नाही.

मग घड्याळाच्या कडीला खरा धोका कशाचा? पडण्याचा. घड्याळाची धक्का सोसण्याची जी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, आयएसओ १४१३, तिची कल्पना आहे एक मीटर उंचीवरून घड्याळ लाकडी जमिनीवर पडण्याची. लाकडी जमीन! आपल्या घरांत पूर्वी शेणाने सारवलेली जमीन होती, तीही एक वेळ क्षमा करील. आता घरोघरी ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्स. त्या टाइलही सिरॅमिकच आहेत. न्हाणीघरात घड्याळ हातातून निसटले आणि काठावर आपटले तर सिरॅमिकची सिरॅमिकशी गाठ पडते.

घड्याळ घडवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते, हे त्यांच्या रचनेवरून दिसते. 'सबमरीनर'मध्ये सिरॅमिकची चकती बाहेरच्या दातेरी धातूच्या कड्यात बसलेली आहे. मार आधी कड्यावर येतो. २०१६ सालच्या पोलादी 'डेटोना'ची कडी मात्र काठापर्यंत संपूर्ण सिरॅमिकची होती. २०२३ मध्ये नवे 'डेटोना' आले तेव्हा त्या कडीच्या काठाला धातूची बारीक किनार आली होती. दिसायला शोभेची, पण कठीण वस्तूचा उघडा काठ झाकणारी. आपल्या आज्या चिनी मातीच्या बरणीला दोरीची जाळी विणून घालायच्या, त्यातलाच हा शहाणपणा.

आणि कडी फुटलीच तर? इथे अ‍ॅल्युमिनियम आणि सिरॅमिक ह्यांतला सर्वांत मोठा फरक आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. सिरॅमिकला पोचा काढता येत नाही, घासून पॉलिश मारता येत नाही, डाग देता येत नाही. फुटलेली चकती बदलायची, आणि ती कंपनीकडूनच यायला हवी. गल्लीतल्या घड्याळजीच्या डबीत ती नसते. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या कडीचे आयुष्य गावातल्या कारागिराच्या हातात होते. सिरॅमिकच्या कडीचे आयुष्य कंपनीच्या सुट्या भागांच्या कपाटात आहे. घड्याळ नातवाला द्यायचे असेल, जाहिराती आपल्याला तेच तर सांगत असतात, तर नातवाच्या काळात त्या कपाटात ही चकती असेल का, हा प्रश्न विचारायला हवा. कडीवर सिरॅमिक येऊन आता कुठे वीस वर्षे झाली आहेत. नातवापर्यंतचा हिशेब अजून कुणीच पाहिलेला नाही.

आता मघाशी ध्यानात ठेवलेली गोष्ट. कडीवर जीव अवलंबून होता तेव्हा ती प्लास्टिकची आणि अ‍ॅल्युमिनियमची होती. १९८० च्या दशकात मनगटावर किंवा नळीला लावायचे डाइव्ह कॉम्प्युटर आले. खोली, वेळ, वर येतानाचे थांबे, सगळे यंत्र सांगू लागले. पुढच्या काळात फिरती कडी पाणबुड्याची पर्यायी सोय उरली, आणि ती घालणारे बहुसंख्य लोक तर पोहायच्या तलावापलीकडे गेलेलेही नसतात. नेमक्या ह्याच काळात ती ओरखडा न येणारी, रंग न उडणारी झाली. कामाची होती तेव्हा मोडती-विटती होती. शोभेची झाली तेव्हा अक्षय झाली!

ह्यात विरोधाभास वाटतो, पण नीट पाहिले तर नाही. कामाच्या वस्तूकडून माणूस चिवटपणा मागतो, कारण ती चालत राहिली पाहिजे. शोभेच्या वस्तूकडून माणूस कठीणपणा मागतो, कारण ती नवी दिसत राहिली पाहिजे. वस्तू टिकणे आणि वस्तूचे नवेपण टिकणे, हे 'टिकाऊ'चे दोन अर्थ. आखातातून आलेल्या त्या राडोने आपल्याला दुसरा अर्थ इतका पटवला की पहिला आपण विसरूनच गेलो.

बाजाराला मात्र दोन्ही अर्थांची किंमत कळते. जुन्या 'जीएमटी'ची विटून गुलाबी-आकाशी झालेली, किंवा 'सबमरीनर'ची राखाडी पडलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी आज संग्राहक मुद्दाम शोधतात आणि तिच्यासाठी जादा पैसे मोजतात. कारण प्रत्येक कडी वेगळी विटते. कुणाच्या उन्हात, कुणाच्या समुद्रात, ते तिच्यावर लिहिलेले असते. रोलेक्सच्याच घरातली धाकटी कंपनी 'ट्यूडर' हिने २०१२ साली 'ब्लॅक बे' काढले ते अ‍ॅल्युमिनियमची कडी लावून, आणि त्याच वर्षी 'पेलागॉस' काढले ते सिरॅमिकची कडी लावून. 'ब्लॅक बे' आजही अ‍ॅल्युमिनियमवर आहे. एकाच घराला दोन्ही गिऱ्हाइके माहीत आहेत.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्याकडे सिरॅमिकच्या कडीचे घड्याळ असेल त्यांनी ते वाळूत, उन्हात, खाऱ्या पाण्यात बिनधास्त घालावे. कडीला काही होणार नाही. न्हाणीघरात आणि ओट्यापाशी मात्र ते काढताना बसून, टॉवेलवर किंवा गादीवर काढावे. ज्यांच्याकडे बापजाद्यांचे अ‍ॅल्युमिनियमच्या कडीचे घड्याळ असेल त्यांनी ते विटले म्हणून चकती बदलायची घाई करू नये. आणि दुकानात कुणी 'ओरखडा येत नाही' म्हणाले, तर मान डोलवावी, खरेच आहे ते. आणि मग शांतपणे विचारावे, 'पडले तर काय होते, आणि फुटले तर कुठे मिळते?' हा प्रश्न घड्याळापुरताच आहे असेही नाही. नव्या पुलापासून नव्या फ्रिजपर्यंत कुठेही विचारता येईल. असो.